डब्यातली हिरवी गोळी

करीमदादने डबा गल्ल्यावर ठेवला, उजवा हात छातीला लावला आणि नेहमीसारखा काही न बोलता चढणीला लागला. गालात नेहमीची तंबाखू. तो वळणाआड होईपर्यंत मी लोणच्याच्या बरण्या पुसत राहिलो. हेरगिरीत घाई करणारा माणूस म्हातारा होत नाही, आणि मला तर म्हातारं व्हायची फार हौस. मग झाकण उघडलं.

डबा घासून लख्ख केलेला. तळाशी हिरव्या कागदात गुंडाळलेली पुदिन्याची एक गोळी.

मी झाकण लावलं. परत उघडलं. गोळी तिथंच.

मागच्या खोलीत मसाल्याच्या पोत्यांमध्ये आल्टोनेनबाई बसल्या होत्या. मी डबा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी गोळी दोन बोटांत धरली, उजेडाकडे फिरवली आणि शांतपणे परत ठेवली.

“म्हणजे तो घरात आहे,” त्या म्हणाल्या. “आज जायचं नाही.”

“आज नाही तर कधी? उद्या दुपारी जहाज सुटतंय.”

“मला माहीत आहे, हरी.”

कोण घरात आणि कुठे जायचं नाही ते सांगतो, पण आधी आम्ही कोण ते सांगायला हवं. माझं नाव हरिश्चंद्र गवाणकर. आईबापांनी नाव ठेवताना घाई केली, कारण पुढे जन्मभर मी पोट भरलं ते खोटं बोलून. आमच्या संघटनेत नऊ देश होते आणि तिला नाव नव्हतं. नावच नसलं की नाकारायला सोपं जातं म्हणे. मी तिला भिशी म्हणायचो. प्रत्येक देशाने आपापलं गुपित टाकायचं आणि पाळी येईल त्याने सगळं उचलायचं. भिशीत होतं तेच तिथंही व्हायचं, टाकताना सगळे फाटकी नोट टाकायचे आणि उचलताना कोऱ्या मागायचे.

महायुद्ध इतकी वर्षं चाललं होतं की कोण कोणाशी लढतंय हे आम्हालाही रोज सकाळी विचारून घ्यावं लागे. त्यात माझं काम माणसं बनवण्याचं. परमुलखात हेर पाठवायचा तर त्याला नवं नाव लागतं, गाव लागतं, वारलेली मावशी आणि मोडलेली सोयरीक लागते. ते सगळं मी रचायचो. मी बनवलेल्या एका माणसाला शत्रूच्या सरकारने शौर्यपदक दिलं होतं. बिचारा जन्मलाच नव्हता, त्यामुळे घ्यायला जाऊ शकला नाही.

त्या वर्षी आमचं बिऱ्हाड मस्कतजवळच्या मत्रा बंदरावर होतं. ओमानने कोणाचीच बाजू घेतली नव्हती, म्हणून सगळ्या बाजूंचे लोक तिथं एकमेकांच्या शेजारी बसून हलवा खायचे. बंदराच्या रस्त्यावर आमचं मसाल्यांचं दुकान. मी मालक, फिनलंडच्या आल्टोनेनबाई आमच्या ठाण्याच्या प्रमुख, आणि घानाचा क्वेकू हा आमचा नावाडी. दुकानामागे चढण, चढणीवर एक पांढरं घर, आणि त्या घरात, मोडलेला पाय महिनोन्महिने जुळेना म्हणून प्लास्टरमध्ये घालून उपचाराला ठेवलेला शत्रूपक्षाचा एमिल.

हा एमिल गणिती होता. आमच्या नऊ देशांचे सांकेतिक संदेश तो सकाळच्या वर्तमानपत्रासारखे वाचायचा. त्याने वाचलेल्या एका संदेशावरून त्यांच्या आरमाराने एक जहाज बुडवलं. आत सैनिक आहेत असं त्यांना वाटलं होतं, निघाले जखमी. तेव्हापासून एमिलला झोप नव्हती आणि त्याला आमच्याकडे यायचं होतं. उद्याच्या जहाजाने तो परत गेला असता, तर पुन्हा त्याच टेबलावर बसवला गेला असता. पुढचं जहाज कोणतं, एवढाच मग प्रश्न.

हे सगळं आम्हाला कळलं ते त्याची शुश्रूषा करणाऱ्या तिरोडकर सिस्टरमुळे. बाई सावंतवाडीकडची, पन्नाशीची. शत्रूच्या वकिलातीने तिला एका एजन्सीतर्फे नेमली होती, आणि ती एजन्सी भिशीची होती. आता आमचा सगळा पत्रव्यवहार एमिलच्या खात्याकडे उघडा. फोन नाही, रेडिओ नाही, चिठ्ठीचपाटी नाही. आकाशात ज्यांचे उपग्रह फिरत होते, ते नऊ देश एका स्टीलच्या डब्यावर आले होते.

डबा तसा आधीपासूनच चालू होता. एकाच मुलखातली दोन माणसं परदेशात शेजारी आली की डबा सुरू होतोच, त्याला हेर असावं लागत नाही. मी कधी माशांचं तिखलं पाठवायचो, कधी सोलकढी. करीमदाद हा घराचा म्हातारा बलुची पहारेकरी. तो डबा वर न्यायचा आणि परत आणायचा. परत येताना त्यात चिमूटभर साखर असायची, नाहीतर चार तांदळाचे दाणे. रिकामं भांडं शेजाऱ्याला परत करत नाहीत, हे कोकणात पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

पांढऱ्या घरात एक सुरक्षा अधिकारी होता, डोळ्याला चिमणी दिसली तरी ओळखपत्र मागणारा. तो घरातून बाहेर पडेल तेव्हाच आमची माणसं वर जाऊन एमिलला उचलू शकत होती. त्याची गाडी बंद गॅरेजमध्ये असायची, त्यामुळे खालून काही कळायचं नाही. ते कळवायची खूण ठरली तेव्हा मी आणि क्वेकू किनाऱ्यावरच्या सूर बंदराहून बोट आणायला गेलो होतो. परत आलो तर आल्टोनेनबाईंनी सगळं पक्कं करून टाकलेलं. रोज डब्यात काहीतरी येतं ना, मग ज्या दिवशी डबा रिकामा येईल तो दिवस. रिकामा म्हणजे अधिकारी बाहेर गेला, या. भरलेला म्हणजे घरात आहे, येऊ नका. लोणचं घ्यायला खाली आलेल्या सिस्टरला बाईंनी स्वतः हे सांगितलं होतं आणि सिस्टरने मान डोलावली होती.

मी कपाळाला हात लावला. बाई, म्हटलं, तुम्ही त्या बाईला सांगितलंत की श्वास घेऊ नकोस, म्हणजे आम्हाला कळेल. तिचा मेंदू हो म्हणेल. हात ऐकेल का?

आणि आता हा डबा.

“सवयीने टाकली असेल गोळी,” मी म्हणालो. “अधिकारी गेला असेल, तिने डबा घासला असेल, आणि देताना हात आपोआप गोळीकडे गेला असेल. आपण इथं बसून राहू आणि उद्या तो जहाजावर चढेल.”

बाईंनी मला नीट ऐकून घेतलं. फिनलंडची माणसं ऐकताना अशी ऐकतात की बोलणाऱ्याला आपलंच बोलणं खोटं वाटायला लागतं. मग म्हणाल्या, “आजपर्यंत तिने कधी गोळी टाकली आहे?”

“नाही. साखर, तांदूळ, एकदा लवंग.”

“मग ही सवय नाही. आज तिने मुद्दाम वेगळी वस्तू टाकली. सवयीवर मात करून खूण कळावी म्हणून.”

“साखर संपली असेल. युद्ध चालू आहे.”

“तू तिच्या घरात नसतोस, हरी. तू गोष्ट रचतो आहेस.”

लागलं मला ते, कारण खरं होतं. मी दुकानात आलो, परत आत गेलो, गच्चीवर चढलो. वर पांढऱ्या घराच्या सगळ्या खिडक्यांना पडदे. खाली धक्क्यावर क्वेकू बोटीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता आणि दर शेंगेगणिक माझ्याकडे बघत होता. लांब धक्क्याला ते उद्याचं जहाज, त्याच्या धुराड्यातून आजच धूर. मी खाली आलो. मोहरी चाळून ठेवलेली होती, ती परत चाळली. अधिकारी घरात असताना वर गेलो तर आम्ही सापडणार, आणि आमच्याआधी सिस्टर. नाही गेलो तर एमिल गेला आणि पुढे किती जहाजं गेली कुणास ठाऊक. एका गोळीचे दोन अर्थ, आणि विचारायला तोंड नाही.

मत्राला दुपारी दुकानं बंद होतात, पण समोरचा सालेम हलवाई ताकाची बरणी आत नेत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. एकदम आत गेलो.

बाई, म्हटलं, आपण चुकीचं कोडं सोडवतोय. अधिकारी घरात आहे की नाही हे इथं कोणालाच कळणार नाही, तिला मात्र आत्ता या क्षणी माहीत आहे. मग आपण कशाला ठरवायचं? तिलाच ठरवू द्या.

“कसं सांगणार तिला?”

“दही पाठवतो.”

त्यांनी भुवई वर केली. मी समजावलं की आमच्याकडे माणूस प्रवासाला निघाला की घरचं माणूस त्याच्या हातावर दही-साखर ठेवतं. ते चाटून पाय उंबऱ्याबाहेर टाकायचा. हातावर दही म्हणजे निघा. आम्ही वर जायचं नाही. तीच एमिलला घेऊन खाली येईल. अधिकारी घरात असेल तर ती दही फ्रिजमध्ये ठेवील, आणि पहारेकऱ्याच्या दृष्टीने ते नुसतं दही.

“आणि पहारेकऱ्याने खाल्लं तर?”

“तर तो निघेल.”

बाई हसल्या नाहीत. सहा महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पण त्यांनी स्वतः उठून साखरेचा डबा शोधून दिला.

डब्यातली गोळी खिशात टाकली, सालेमकडचं ताजं दही डब्यात घेतलं, वर साखर पेरली आणि चढण चढलो. फाटकाशी करीमदाद स्टुलावर बसला होता. झाकण उघडून त्याने वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोणत्या जातीचा खोटारडा आहे हे त्याला कळलंय. मी त्याला सांगितलं की हाड जुळायला दह्यासारखं काही नाही. माझ्या चुलत्याचा मोडलेला पाय दह्याने इतका जुळला की दुसऱ्या पायापेक्षा बोटभर लांब झाला. करीमदादने हे शांतपणे ऐकलं. मग आपल्या हिंदुस्थानीत विचारलं, “इतना ही? बस, दो आदमी का?”

दोनच माणसांचं, मी म्हणालो. त्याने डबा घेतला आणि आत गेला. गॅरेजचं दार बंद. मी दम लागल्याचं सोंग करून थोडा थांबलो, पण आतून काही ऐकू आलं नाही.

खाली येऊन जे वाट बघणं सुरू झालं त्याचं वर्णन मी आजवर कुणाला जमवून सांगू शकलो नाही, आणि मी असा माणूस आहे की समुद्रात भेटलेल्या बोलक्या कासवाचं वर्णनही जमवून सांगतो. बसवेना, उभं राहवेना. बाई पोत्यावर ताठ बसल्या होत्या, पण त्यांची एक टाच सारखी जमिनीवर आपटत होती. एकदा गच्चीवर जाण्यासाठी आम्ही दोघं एकदमच उठलो आणि दारात अडकलो. ऊन उतरलं. बंदराच्या रस्त्यावर दुकानं परत उघडली, लोबानाचा धूर येऊ लागला. क्वेकूच्या शेंगा संपल्या होत्या आणि तो टरफलं मोजल्यासारखी उलटीपालटी करत होता.

आणि चढणीच्या वळणावर चाकांची खुर्ची दिसली.

खुर्चीत एमिल, मांडीवर डबा. शेजारी सिस्टर, पांढऱ्या गणवेशावर शाल. आणि खुर्ची मागून धरून, उतारावर पाय रोवत, करीमदाद.

पहारेकऱ्यासकट आली ही बाई. पण ती इतकी सावकाश चालत होती की जणू पेशंटला रोज हवा खायला आणते. दुकानासमोर खुर्ची थांबली. सिस्टरने मला मोठ्याने विचारलं की आंब्याचं लोणचं आलं का, आणि मग कपाळाला हात लावून करीमदादला म्हणाली की पेशंटची घोंगडी वरच राहिली, समुद्राचा वारा आहे, जरा आणून देशील का बाबा.

करीमदादने तिच्याकडे पाहिलं. एमिलकडे पाहिलं. धक्क्यावरच्या बोटीकडे पाहिलं, निदान मला तसं वाटलं. मग उजवा हात छातीला लावला आणि चढणीला लागला. त्याच्या आयुष्यात तो इतका हळू कधी चालला नसेल. मुंगीने त्याला मागे टाकलं असतं आणि वर त्याच्यासाठी थांबली असती.

आम्ही सगळ्यांनी खुर्ची धक्क्यावर नेली, मी आणि क्वेकूने एमिलला उचललं. त्याचं प्लास्टर धक्क्याच्या पायरीवर आपटलं आणि तो ओरडला नाही, फक्त माझा कान घट्ट धरला. अजून तो कान दुसऱ्यापेक्षा मोठा आहे, कोणीही येऊन बघावं. बोट सुटली तेव्हा धक्क्यावर रिकामी खुर्ची आणि तिच्यात तो डबा राहिला. उचलायला कुणाला सुचलं नाही.

बंदराच्या तोंडाशी आलो तेव्हा मी मागे पाहिलं. खुर्चीपाशी म्हातारा येऊन उभा होता, हातावर घोंगडी. ओरडला नाही, शिट्टी वाजवली नाही. त्याने डबा उचलला, झाकण उघडून आत पाहिलं, परत लावलं.

मग मला इतका वेळ अडकलेलं हसू आलं. खिशातून ती हिरवी गोळी काढून मी सिस्टरपुढे धरली. म्हटलं, सिस्टर, तुमच्या या सवयीने आज आमचे प्राण घेतले होते. अधिकारी कधीचा बाहेर, आणि तुम्ही डब्यात गोळी घालून मोकळ्या.

ती गोळीकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला.

“गोळी मी नाय घातलंय,” ती म्हणाली. “डबो मी रिकामोच दिलंय, हरीभाऊ. देताना हात साखरेकडे गेल्लो, तो मागे घेतलंय. माझ्या आवशीन बघल्यान असता तर मारल्यान असता माका. पण सांगितल्यानी म्हणान दिलंय.”

“मग?”

“ही करीमदादची. तंबाखू सोडूक मीच दिलेली त्याका. गालात हीच असता त्याच्या.”

मी, माणसं बनवणारा, त्या गालाकडे सहा महिने बघत होतो.

पुढचं तिने हळूहळू सांगितलं. काही महिन्यांपूर्वी करीमदादने तिला विचारलं होतं की खाल्लेल्या डब्यात साखर कशाला टाकतेस, आणि तिने सांगितलं होतं की रिकामं भांडं परत केलं की दोन्ही घरांची बरकत जाते. म्हातारा ते विसरला नाही. आज तिने डबा दिला तेव्हा तो हलका लागला असणार. बाई घाईत आहे, विसरली, अपशकुन व्हायला नको, असं म्हणून त्याने वाटेत स्वतःच्या खिशातली गोळी टाकली असणार.

“आणि मी खुर्चीत डबो ठेवलंय,” ती म्हणाली, “तो रिकामोच. दही आमी दोघांनी खाल्ला.”

सूरपर्यंत ती मागेच बघत होती. आल्टोनेनबाईंनी आपला कोट तिच्या खांद्यावर घातला आणि त्याही मागे बघत बसल्या. ताब्यातला माणूस सोडून देणाऱ्या पहारेकऱ्याचं शत्रूकडे काय होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणीच विचारलं नाही.

एमिलने आमच्याकडे येऊन काय केलं ते नऊ देशांनी गुप्त ठेवलंय, म्हणजे तुम्हाला माहीतच असेल. युद्ध संपलं. भिशी मोडली. मी वेंगुर्ल्याला आलो, सिस्टर सावंतवाडीला. महिन्या-दोन महिन्यांनी ती एसटीने यायची, ओटीवर बसायची, आणि निघताना एकच विचारायची, काय कळलं? काही कळलेलं नसायचं. मी तिला गोष्टी सांगायचो. करीमदाद बलुचिस्तानात, मकरानच्या किनाऱ्याला बकऱ्या राखतोय, करीमदादने दुसरं लग्न केलं, बायको तंबाखू खाते. ती ऐकून घ्यायची आणि विश्वास ठेवायची नाही. माझ्या इतक्या बनवलेल्या माणसांपैकी हा एकच मला धड बनवता आला नाही.

मग एक दिवस फिनलंडहून खोकं आलं. पत्र नाही, बाईंना पत्र लिहायची सवय नव्हती. फोनवर मात्र त्यांनी सगळं सांगितलं. क्वेकू मालवाहू जहाजावर लागला होता आणि ते जहाज मत्राला थांबलं. सालेम हलवायाने त्याला ओळखलं आणि फळीवरून एक डबा काढून दिला. पहारेकरी तीन रमजान इथंच कामाला होता, सालेम म्हणाला. घोंगडी आणायला पाठवलं आणि मागे पेशंट पळवला, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष, असं वकिलातीने ठरवलं होतं. गावी जाताना डबा ठेवून गेला. मसालेवाल्याचा आहे, कोणी आलं तर द्या.

सिस्टरला बोलावून घेतलं. ती येईपर्यंत मी खोकं उघडलं नाही, फक्त तीन-चार वेळा हलवून पाहिलं.

तिने झाकण काढलं. आत पुदिन्याची हिरवी गोळी, विरघळून कागदाला चिकटलेली. तिच्याशेजारी भुईमुगाच्या दोन शेंगा. आणि काळ्या रंगाची एक खारट, कडवट फिनिश गोळी, जी जगात फक्त त्याच देशाची माणसं हौसेने खातात. म्हणजे रिकामा डबा म्हणजे सगळं ठीक, असं मला शिकवायला निघालेल्या बाईंनाही तो तसाच पाठववला नाही.

सिस्टरने काळी गोळी चाखली, तोंड वाकडं केलं आणि पदराने डोळे पुसले. त्या नऊ देशांच्या भिशीत एवढ्या वर्षांत माझी पाळी पहिल्यांदाच लागली होती.

मग तिने डबा मागीलदारी नेऊन घासला, उन्हात पालथा घातला आणि माझ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आता?” ती म्हणाली. “परत धाडूक होयो. त्यात काय घालतलास?”

मकरानात करीमदाद नावाची माणसं किती असतील, पत्ता काय लिहायचा, जाणारं कोण भेटेल, हे तिच्या मते नंतरचे प्रश्न होते. आत काय घालायचं यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. ती म्हणते मालवणी खाजा. मी म्हणतो दही टिकत नाही, पण खरं तर दहीच.